कोळंबीची टरफलं आणि बिराजदार सर

परवा माझ्या भाचीने कौतुकाने एक ट्यूब माझ्या हातात ठेवली. "आत्या, लावून तर बघ, चेहरा कसा उजळतो ते." ट्यूबवर एका गोऱ्यापान मुलीचा फोटो आणि खाली बारीक अक्षरांत, 'समुद्रातून मिळवलेले अतिसूक्ष्म कण, त्वचेत खोलवर पोचतात.' मी ती तशीच तिला परत दिली. तिला वाटलं, आत्याला या वयात नटायची लाज वाटते. लाज कसली, डोक्यात तिडीक गेली होती. हे कण समुद्रातून कसे मिळाले ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बोईसरच्या मासळी बाजारातून, पाणी गळणाऱ्या पिशवीतून मिळाले ते. आणि ती पिशवी शेअर रिक्षात मांडीवर घेऊन बसणारा माणूस जन्मात मासळीला शिवलेला नव्हता.

तो माणूस म्हणजे आमचे बिराजदार सर. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत आम्ही बरोबर होतो. माझं काम जंतू वाढवायचे आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते बघायचं. सर शेजारच्या संशोधन विभागात. निलंग्याकडचे, लिंगायत, कपाळाला भस्माचं बारीक बोट. बोईसरमध्ये उभी हयात गेली, पण बोलण्यातलं 'काय करायलात?' काही गेलं नाही. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची अशी चटणी, की ती खाऊन आमच्या कँटीनचा आचारी रडला होता.

सर माणसांवर ओरडत, जंतूंवर कधीच नाही. सकाळी आल्या आल्या माझ्या टेबलापाशी येऊन काचेच्या प्लेटा उजेडात धरायचे. प्लेटला ते 'बशी' म्हणत. बशीत जंतूंचा थर दिसला की म्हणायचे, "आलेत का हे? बरं, बसा." थर विरळ असला तर, "आज यांना भूक नाही वाटतं." जंतूंना अहोजाहो आणि असिस्टंटला "अरे गाढवा". मी एकदा विचारलं, हे काय उलटं? म्हणाले, "कदमबाई, हे आपल्यापेक्षा जुने आहेत. आपण शिकायच्या आधी हे शिकतेत. मान ठेवावा लागतो." 'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "अंदाजे तर मांजर उडी मारतं. आपल्याला पगार कशाचा?"

आणि एक वाक्य तर इतक्या वेळा ऐकलं की आमच्या विभागात ते थट्टेचं झालं. कोणाचा चहा उशिरा आला, कोणाची बढती अडली, की आम्ही एका सुरात म्हणायचो, "औषध चांगलंय हो, पोचंना गेलंय."

सर ते अँटिबायोटिकबद्दल म्हणायचे. लोकांना वाटतं औषधं जुनी झाली, संपली. सरांचं म्हणणं, औषध चांगलंच आहे, ते जंतूपर्यंत जातच नाही. घरच्या पाण्याच्या टाकीत बोट फिरवलं की बुळबुळीत थर लागतो ना, तसाच थर जखमेतले जंतू स्वतःभोवती करतात आणि त्यात निवांत राहतात. औषध वरच्यावर अडतं. आत शिरलंच थोडं, तर मुरलेले जंतू ते बाहेर फेकून देतात. म्हणून सरांना औषध झाकून पाठवायचं होतं. "पुरण उघडं तव्यावर टाकलं तर काय होतं? चिकटतं, जळतं, वाया जातं. पोळीत घाला, मग बघा." पुरण म्हणजे नेहमीचं अँटिबायोटिक. पोळी म्हणजे एक अतिसूक्ष्म कण, जंतूपेक्षाही कितीतरी लहान. हा कण कोळंबीच्या टरफलातून निघणाऱ्या पदार्थाचा केला, की तो आपण होऊन जंतूला जाऊन चिकटतो आणि चिकटला की आतलं औषध तिथेच सोडतो. एवढीच कल्पना. जगात पुष्कळ ठिकाणी पुष्कळ लोक यावर काम करतात, आपण काही नवीन केलेलं नाही, असं सर स्वतःच पहिल्यांदा सांगून टाकायचे. त्यामुळे वरच्या साहेबांवर त्यांची छाप कधी पडली नाही.

टरफलांचा तो पदार्थ तयार पावडरीत मिळतो. पण आमच्या खरेदी विभागाने ती मागणी अशी काही फिरवली, की पावडर येईपर्यंत जंतूच म्हातारे झाले असते. शेवटी एका रविवारी सर स्वतः बोईसरच्या मासळी बाजारात आले. मी बोंबील घेत होते. बघते तर नाकाला रुमाल लावलेले बिराजदार सर, चिखलात पँट वर धरून उभे. समोर किनाऱ्यावरच्या मुरबे गावची चंद्राबाय कोळंबी सोलत बसलेली. अंगाने भरलेली, आवाज असा की अख्ख्या बाजाराला तिचा भाव कळावा.

"बाई, कोळंबी नको. नुसती टरफलं द्या."

चंद्राबायचा हात थांबला. "टरफला? कोंबड्या हायेत का घरी?"

"नाही. औषध करायचंय."

"कशाचा औषध?"

"जखमेचं."

ती शेजारणीकडे वळली. "ऐकला का गो? टरफलांचा औषध! आमी येडे, इतकी वरसा कचऱ्यात टाकतो." सगळी रांग हसली. सरही हसले, पण ते हसल्यावर शास्त्र सांगायला लागत, तसे लागले. पुरण, पोळी, जंतू, सगळं. गिऱ्हाईकं खोळंबली. शेवटी चंद्राबायने पिशवी भरून त्यांच्या हातात कोंबली. "न्या तुमी. पन झाला औषध का पयला मला दाखवा."

पुढच्या रविवारी सरांनी तिला शेंगदाण्याची चटणी नेली. तिने बोटाने चाखली आणि ठसका लागेपर्यंत शिव्या दिल्या. आणि पुन्हा आणायला सांगितली. तेव्हापासून दर रविवारी चटणी जायची आणि टरफलं यायची.

घरात त्यांच्या सौभाग्यवतींनी पिशवीला उंबरा ओलांडू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. मग बोईसरलगतच्या सालवडमधल्या त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टरफलं वाळू लागली. वास असा सुटला की एमआयडीसीच्या धुरात आयुष्य काढलेल्या माणसांनी खिडक्या लावून घेतल्या. सालवडमधली यच्चयावत मांजरं गच्चीवर मुक्कामाला आली. वरच्या मजल्यावरचा यादव हात जोडून म्हणाला, "बिराजदारजी, आप तो अंडा भी नहीं खाते, ये क्या सुखा रहे हो?" सर म्हणाले, "दवा है भाई, दवा." मांजरांना ते काही पटलं नाही. पुढे सर पिशवी घेऊन निघाले की दोन-तीन मांजरं नाक्यापर्यंत सोबत जायची.

टरफलं आम्लात धुवायची, क्षारात उकळायची, पुन्हा धुवायची, तेव्हा कुठे पांढरी शुभ्र चिमूट हाती यायची. ती विरघळवून त्यात दुसरं द्रावण थेंब थेंब सोडायचं. ज्या दिवशी कण जमले त्या दिवशी त्या नितळ पाण्याला एकदम निळसर दुधी झाक आली. सरांनी सगळ्यांना हाका मारून बोलावलं. झाडूवाल्या मावशींना, वॉचमनला, मलाही. "बघा, बघा, पोळी झाली!" त्या दिवसाइतका आनंद मी त्यांच्या तोंडावर पुन्हा पाहिला नाही.

सर कडक किती होते, तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बोईसरमध्ये एक रीत आहे. अर्धं गाव औषध कंपन्यांत कामाला, त्यामुळे बिल्डिंगीत कोणा ना कोणाकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा असतो आणि त्यात कंपनीच्या गोळ्या. कुठे पाकिटावरची छपाई चुकलेली, कुठे नमुन्याच्या उरलेल्या. ताप आला, दाढ दुखली, पोट बिघडलं, की शेजारी प्रेमाने दोन गोळ्या काढून देतो. बरं वाटलं की तिसरी कोणी घेत नाही. ती दुसऱ्या कोणाला उपयोगी पडावी म्हणून जपून ठेवतात. यात कोणाच्या मनात पाप नसतं. उलट पुण्यच वाटतं. सरांच्या खालच्या मजल्यावरचे सोनवणेकाका असेच पुण्यवान. दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर त्यांनी सरांकडे अँटिबायोटिकच्या दोन पट्ट्या पाठवल्या. सर ताट तसंच घेऊन खाली गेले. काकांचा डबा उघडून सगळ्यांसमोर टेबलावर उलटा केला आणि ओरडले, "हे वाटायलात? हे वाटायलात तुम्ही? अर्धं अर्धं देऊन जंतूंची शाळा काढलीय हो तुम्ही!" गोळ्या पिशवीत भरून कंपनीत नेल्या आणि नियमाप्रमाणे जाळायला दिल्या. बिल्डिंगने त्यांच्याशी बोलणं टाकलं. वर्षभर हळदीकुंकवाला वहिनींना कोणी बोलावलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी ते, कारण डबा पुढच्या महिन्यात पुन्हा भरला.

मुरब्यातही असे डबे पोचलेले होतेच. चंद्राबायचा भाचा बोईसरला पॅकिंगमध्ये होता.

तिच्या पायात शिंगाळा माशाचा काटा गेला. कोळणीला काट्याचं काय कौतुक? तिने चिंधी बांधली आणि बर्फाच्या पाण्यात उभी राहून धंदा करत राहिली. त्यात अंगात साखर, तिने कधी न तपासलेली. भाच्याने दोन गोळ्या या दिल्या, दोन त्या दिल्या. सरांच्या लक्षात आलं तेव्हा पाऊल काळसर सुजलं होतं. त्यांनीच तिला पालघरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला आणि तिला विचारून त्यातले जंतू आमच्याकडेही दिले. मी ते वाढवले. बशीत वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवल्या. औषध लागू पडलं की चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. एकाही चकतीभोवती दिसला नाही. जंतू चकत्यांना खेटून वाढले होते. डॉक्टरांकडे शेवटची म्हणून जी इंजेक्शनं होती, तीही रक्तातून त्या साखरेने खाल्लेल्या पायापर्यंत धड जात नव्हती.

मग सरांनी तेच जुनं औषध आपल्या कणांत भरून दिलं. दुसऱ्या सकाळी मी बशी उजेडात धरली. मधोमध स्वच्छ, मोठा गोल. मी अक्षरशः ओरडले. सरांनी बशी घेतली, बघितली, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. ते "आलेत का हे?" म्हणाले नाहीत.

ही बातमी त्यांनी चंद्राबायला सांगायला नको होती, असं मला आजही वाटतं. पण "पयला मला दाखवा" असं ती म्हणाली होती, आणि सर शब्दाचे पक्के. रविवारी, ती दाखल होती त्या दवाखान्यात चटणी घेऊन गेले आणि सांगून बसले. मी बरोबर होते. चंद्राबाय उठून बसली.

"मंग लावा ना सर. कवा लावता?"

"नाही बाई. अजून झालेलं नाही ते. बशीत झालंय. माणसात नाही झालं."

"मी मानूसच हाय ना?"

ती माझ्याकडे बघायला लागली, पुन्हा त्यांच्याकडे. "सर, टरफला माजी, किडे माज्या पायातले. आनि औषध तेवडा माजा नाय?"

बाहेर आल्यावर मी सरांवर तुटून पडले. जखमेवर वरून तर लावायचंय, थोडंसं लावा, पाय तर जाणारच आहे. सर दवाखान्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "उंदरालासुद्धा दिलेलं नाही अजून, कदमबाई. उंदराच्या आधी बाईंना देऊ? पायाबरोबर बाईच गेल्या तर? मग मी आणि सोनवण्यांचा डबा, फरक काय राहिला?" मला राग आला, कारण ते बरोबर होतं. बरोबर असलेल्या गोष्टीचा इतका राग मला कधी आला नव्हता.

पण ते हात जोडून बसले नाहीत. वाट सरळ होती. प्राण्यांवर चाचण्या, मग परवानग्या, मग माणसं. चंद्राबायच्या या पायाला ते पुरणार नव्हतं, पण वाट सुरू तर व्हायला हवी. त्यासाठी मुंबईच्या मुख्य कार्यालयाची मान्यता लागत होती. सर इस्त्रीचा शर्ट घालून बशीचे फोटो घेऊन गेले. मीही गेले. मोठे साहेब सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग अगदी समजुतीने म्हणाले, "बिराजदार, अँटिबायोटिक पेशंट पाच दिवस घेतो. बरा झाला तरी बंद, मेला तरी बंद. आणि तुम्ही म्हणता तुमच्या कणांमुळे औषध आणखी कमी लागेल! मग विकायचं काय?" कोणी हसलं नाही. ते विनोद करतच नव्हते.

मग शेजारी बसलेल्या एका तरुण बाईंनी विचारलं, "हे त्वचेत जाईल का पण? व्हिटॅमिन घालून?"

सर खोटं बोलू शकत नसत. म्हणाले, "जाईल की."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते मी त्या गार खोलीत बसून पाहिलं. क्रीमला त्या लांबलचक चाचण्या लागत नाहीत. जखमेचा प्रकल्प बंद झाला आणि चेहऱ्याचा सुरू. सरांनी पोळी करायची रीत नव्या मंडळींना शिकवली. नोकरी होती, दोन मुलींची शिक्षणं चालू होती. टरफलं यांनी वाहिली, शेंगा तिसऱ्यानेच खाल्ल्या. दिवाळीला कंपनीने प्रत्येकाला क्रीमच्या ट्यूबांचा खोका दिला. सरांनी आपला खोका टेबलावर ठेवला. जाताना विसरून गेले असं मला वाटलं, पण ते रोज विसरत राहिले. शेवटी झाडूवाल्या मावशींनी तो उचलला.

चंद्राबायचा पाय मुंबईला नेऊन गुडघ्याखाली कापला. सर ऑपरेशनच्या दिवशी रजा टाकून तिच्या मुलाबरोबर बाकड्यावर बसून होते. कामावर आले ते जंतूंशीही बोलेनासे झाले. बशी उजेडात धरायचे आणि खाली ठेवायचे. पुढे निवृत्तच झाले. निलंग्याला घर आहे, शेती आहे, वहिनी केव्हाच्या तयार आहेत. तरी सर सालवड सोडत नाहीत. मला कारण कळेना. आमचं कँटीन म्हणालं, मुलीच्या नोकरीसाठी.

कारण मला गेल्या महिन्यात बाजारात कळलं. चंद्राबाय पुन्हा धंद्याला बसते आता, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर, कुबडी भिंतीला टेकवून. आवाज तोच. मी कोळंबी घेत होते, तेवढ्यात सर आले. केस पांढरे, पँट तशीच वर धरलेली. त्यांनी चटणीची पुडी पुढे केली. चंद्राबायने पायाशी ठेवलेली पिशवी उचलून दिली. मी थक्क होऊन बघत राहिले. प्रकल्प बंद पडून किती काळ लोटला होता! सरांनी मला पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, बोलू नका.

"ताजी आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"सकालची हायेत. मी मुंबैला होती तवा पन सुनेनं टाकली नाय, तुमाला ठावं हाय. कुठवर आला औषध?"

"चाललंय की."

"जल्दी करा सर. एक तं गेला," तिने लुगड्याखालचा शाबूत पाय थोपटला. "ह्यो हाय अजून. ह्याला तरी पोचूंदे."

सरांनी मान हलवली. पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि निघाले. त्यांचं घर डावीकडे, सालवडला. ते उजवीकडे निघाले, कंपनीच्या रस्त्याला. रविवार, कंपनी बंद, आणि हा निवृत्त माणूस गळकी पिशवी घेऊन ताठ मानेने कामावर निघालेला. चंद्राबाय कोळंबी सोलता सोलता मान उंच करून त्यांच्याकडे बघत होती. "जल्दी करा हां सर!" ती पुन्हा ओरडली. त्यांनी मागे न बघता हात वर केला.

माझी वाट तीच होती, म्हणून पुढचं दिसलं. औषधाच्या दुकानाचा कोपरा ओलांडेपर्यंत ते तसेच चालत गेले. तिथून बाजार दिसत नाही. दुकानाच्या दारावर त्या गोऱ्यापान मुलीचा फोटो लावलेला होता. सर त्याच्यासमोर थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, चष्मा पुसला, आणि मागच्या गल्लीतून लांबच्या वाटेने घराकडे वळले. दोन मांजरं त्यांच्या मागे मागे चालली होती.